पहिला ड्राइव्ह सुसाट, मग गाडी अडते: नो-हडल ऑफेन्सचं नेहमीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे नेणारा संघ म्हणजे ऑफेन्स, आणि अडवणारा डिफेन्स. दोन प्लेच्या मध्ये ऑफेन्स पुढचा डाव ठरवायला घोळका करतो, तो हडल; तो न करता खेळणं म्हणजे नो-हडल. त्याच्या दुखण्याचं लक्षण बहुतेक संघांत सारखंच दिसतं. सामन्यातला पहिला ड्राइव्ह, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतानाची सलग चाल, सुसाट जातो. प्ले संपला की पोरं घोळका न करता थेट रेषेवर येतात, समोरचा डिफेन्स सावरतोय तोवर पुढचा स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणं) झालेला असतो, आणि आठ-नऊ प्लेमध्ये टचडाऊन. स्टँडमधले आईबाप उभे राहून टाळ्या वाजवतात. दुसऱ्या ड्राइव्हला एक पास खाली पडतो, मग फॉल्स स्टार्टचे (स्नॅपआधीच हलल्याचे) 5 यार्ड जातात, मग पुढच्या फळीतला डावा गार्ड उजवीकडे निघतो आणि बाकीचे चौघे डावीकडे, आणि शेवटी पंट, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्यांना देऊन टाकणं. तिसऱ्या ड्राइव्हला तेच. मध्यंतर येईपर्यंत आपलाच डिफेन्स कंबरेवर हात ठेवून धापा टाकत असतो. हेड कोच वैतागून हडलवर परत जातात, आठवड्याने पुन्हा नो-हडल बाहेर काढतात, आणि पुन्हा तसंच घडतं.

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या ज्युनिअर व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य संघाखालच्या) संघाला मी हौसेने मदत करतो. आमचे दोन हंगाम ह्याच चक्रात गेले. हे लिहितोय ते इथल्या मराठी आईबापांसाठी आणि माझ्यासारख्या मदतनीस कोचांसाठी. मुलं घरी येऊन "आम्ही दमलो" एवढंच सांगतात आणि आपण त्यांना आणखी पळायला पाठवतो. आमच्या बाबतीत पाय दमण्याच्या कितीतरी आधी निरोप अडकत होता. साइडलाइनवरून निघालेला निरोप अकरा जणांपर्यंत एकाच वेळी, एकाच अर्थाने पोचत नव्हता. बाकी सगळी लक्षणं त्यातून फुटलेली होती.

पहिला ड्राइव्ह चांगला का जातो

ह्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण उत्तर तिथेच आहे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श सामन्याचे सुरुवातीचे प्ले आधीच क्रमाने कागदावर लिहून ठेवत. आज हायस्कूलपासून एनएफएल ह्या व्यावसायिक लीगपर्यंत बहुतेक सगळे तसंच करतात. म्हणजे पहिल्या ड्राइव्हला कोणालाच काही ठरवायचं नसतं. कोचला माहीत, मैदानावर प्ले चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला माहीत, पुढच्या फळीतल्या लाइनमननी आठवडाभर तोच क्रम घोटलेला. निरोप पोचवायची वेळच येत नाही. तो आधीच पोचलेला असतो.

यादी संपली की कोचला चालू सामन्यात निर्णय घ्यावा लागतो. तिथून पुढे प्रत्येक प्लेला काही सेकंद कुठेतरी गळतात. ते कुठे गळतात हे न शोधता "अजून पटापट" असं ओरडलं, तर चुका तेवढ्या पटापट होतात.

आधी मोजा

सामन्याचा व्हिडिओ आणि फोनमधलं स्टॉपवॉच, एवढंच लागतं. एका प्लेच्या शेवटापासून पुढच्या स्नॅपपर्यंतच्या वेळेचे चार तुकडे करा. पंच चेंडू जागेवर ठेवेपर्यंतचा पहिला. तिथून साइडलाइनवरचा सिग्नल सुरू होईपर्यंतचा दुसरा. सिग्नल सुरू झाल्यापासून अकराही जण स्थिर उभे राहीपर्यंतचा तिसरा. आणि स्थिर झाल्यापासून स्नॅपपर्यंतचा चौथा. पहिला ड्राइव्ह आणि तिसरा ड्राइव्ह शेजारी शेजारी लिहून काढा.

पहिला तुकडा आपल्या हातात फारसा नसतो. तरी चेंडू जमिनीवर टाकून देण्याऐवजी जवळच्या पंचाच्या हातात द्यायची सवय मुलांना लावा. गडगडत गेलेला चेंडू आणायला कोणीतरी जावं लागतं, आणि तोवर डिफेन्स श्वास घेतो.

आमचा मोठा घोटाळा दुसऱ्या तुकड्यात निघाला. आमचे कोच प्ले चालू असताना प्रेक्षकासारखे तो प्ले पाहत होते. चेंडू थांबला की मग कागदाकडे बघणार, मग ठरवणार, मग सिग्नल देणाऱ्या मुलाला सांगणार. उपाय साधा होता, पण अंगवळणी पडायला महिना गेला: चालू प्लेचा स्नॅप होण्याआधीच पुढचे दोन प्ले ठरलेले हवेत. पहिल्या डाऊनला (प्रयत्नाला) 4 यार्ड किंवा जास्त मिळाले तर हा, नाहीतर तो. प्ले संपताक्षणी तोंडातून फक्त "पहिला" किंवा "दुसरा" एवढंच बाहेर पडलं पाहिजे.

मी शाळेत असताना खो-खो खेळलो. खो मिळाल्यावर बसलेला खेळाडू विचार करत बसत नाही. पाठलाग आपल्यापर्यंत आला तर कुठल्या बाजूला सुटायचं हे त्याने पळणाऱ्याच्या चालीवरून आधीच हेरलेलं असतं. साइडलाइनवरच्या कोचलाही तसंच टाचांवर बसायला शिकावं लागतं.

सरावात चालतं, सामन्यात चालत नाही

तिसऱ्या तुकड्याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. सरावात अकराही जण झटक्यात तयार व्हायचे. सामन्यात टॅकल (फळीच्या टोकाचा लाइनमन) मान वळवून विचारायचा, रिसीव्हर (पास झेलणारा) हात पसरून उभा राहायचा. आम्ही सिग्नल सोपे केले, पुन्हा शिकवले, परीक्षा घेतल्या. काही फरक नाही.

उत्तर एका मुलाने दिलं. आमचा उजवा टॅकल मराठी घरातला आहे. मैदानावर मला कोच म्हणतो, सरावानंतर गाडीत बसला की काका. एकदा घरी सोडताना म्हणाला, "काका, सरावात तुम्ही सगळे आमच्या मागेच उभे असता. मी सिग्नल बघतच नाही, तुमचं बोलणं ऐकतो."

अगदी खरं होतं. सरावात कोच ऑफेन्सच्या मागे पाच-सात पावलांवर उभे राहतात आणि नकळत प्लेचं नाव बोलून जातात. सामन्यात तेच कोच साइडलाइनवर, पंचवीस-तीस यार्ड लांब, बँडच्या आणि गर्दीच्या आवाजात. शिवाय सरावात पंच नसतो. चेंडू कोणीही कुठेही ठेवतो, म्हणून तो ठेवला जाण्याची वाट पाहायची सवयच लागत नाही.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दहा-दहा प्लेचा एक भाग आम्ही सामन्यासारखाच घेतो. सगळे कोच साइडलाइनवर. एक मदतनीस पंच बनून शिट्टी वाजवतो आणि चेंडू ठेवतो, आणि तो मुद्दाम कधी लवकर ठेवतो, कधी रेंगाळतो. स्पीकरवर मोठा आवाज. मैदानावर उभं राहून कोणीही काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी दहापैकी निम्मे प्लेही नीट सुरू झाले नाहीत. ह्या पोस्टमधली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

लाइनमनचं दुखणं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. एकदा हात जमिनीवर टेकला की त्यांना साइडलाइन दिसत नाही. त्यांना क्वार्टरबॅकच्या तोंडून शब्द हवा, आणि तो एकच शब्द हवा. आम्ही उजवीकडच्या प्लेना 'आर'वरून सुरू होणारी शहरं दिली, रॅले, रेनो. डावीकडच्यांना 'एल'वरून, लिंकन, लॅन्सिंग. क्वार्टरबॅक तो शब्द दोनदा ओरडतो, एकदा डावीकडे तोंड करून आणि एकदा उजवीकडे. दोन्ही टोकांच्या टॅकलनी हात हलवून पोच द्यायची. पोच नाही तर स्नॅप नाही.

रिसीव्हरचा उपाय त्याहून सोपा आहे. बाजू बदलू नका. खोल पळून गेलेला पोरगा तीस यार्ड परत येतो आणि वर मैदानाची रुंदी ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो, तेव्हा वेळही जातो आणि दमही. इंडियनापोलिस कोल्ट्सच्या जोरात चाललेल्या वर्षांत मार्विन हॅरिसन बहुतेक वेळा उजवीकडे आणि रेजी वेन डावीकडे उभे राहत. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक असूनही मांडणी साधीच ठेवली होती, आणि त्या साधेपणामुळेच मॅनिंगला रेषेवर उभं राहून विचार करायला वेळ मिळत होता.

पाच-पाच यार्डांची गळती

फॉल्स स्टार्ट आणि इल्लिगल शिफ्ट (सगळे स्थिर होण्याआधी स्नॅप) ही दोन्ही घाईची पोरं. स्नॅपआधी अकराही जणांनी पूर्ण एक सेकंद स्थिर उभं राहायला हवं. उशिरा पोचलेला रिसीव्हर अजून सरकत असताना सेंटरने चेंडू सोडला की पंचाचा दंडाचा झेंडा पडतो. म्हणून स्नॅपची परवानगी क्वार्टरबॅककडेच ठेवा, आणि त्याला शेवटची नजर सगळ्यात लांबच्या रिसीव्हरवर टाकायला शिकवा.

फॉल्स स्टार्टमागे बहुतेक वेळा कोचची हुशारी असते. वेगात खेळताना आपण नेहमी पहिल्या आवाजावर स्नॅप घेतो. समोरचा डिफेन्स ती लय पकडतो. मग कोच मध्येच दुसऱ्या आवाजावर स्नॅप मागतात आणि आपलीच लाइन उडी मारते. वेगाच्या प्लेला एकच आवाज ठेवा, कायमचा. डिफेन्सला फसवायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र प्ले ठेवा: सगळ्यांनी रेषेवर यायचं, क्वार्टरबॅकने जोरात आवाज द्यायचा आणि कोणीही हलायचं नाही. ह्याला आम्ही फ्रीझ म्हणतो. त्याचा सिग्नल वेगळा, सराव वेगळा.

आपलाच डिफेन्स दमतोय

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नो-हडल सोडून देण्याचं हेच कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त आहे.

27 जानेवारी 1991, टँपा, पंचविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. बफेलो बिल्सचं के-गन नावाचं नो-हडल आक्रमण तेव्हा भरात होतं. क्वार्टरबॅक जिम केली रेषेवर उभा राहून स्वतः प्ले सांगायचा. आठवडाभर आधीच्या सामन्यात त्यांनी रेडर्सना 51-3 असं धुतलं होतं. न्यूयॉर्क जायंट्सनी त्या वेगाशी शर्यत लावलीच नाही. त्यांनी चेंडू आपल्याकडे ठेवला, 40 मिनिटं 33 सेकंद. तिसऱ्या क्वार्टरमधला त्यांचा एकच ड्राइव्ह 9 मिनिटं 29 सेकंद चालला आणि टचडाऊनने संपला. बिल्सच्या ऑफेन्सला 60 मिनिटांपैकी 20 सुद्धा मिळाली नाहीत. शेवटी बिल्सची 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्सनी सामना 20-19 असा जिंकला.

लोक ह्यातून "वेग वाईट" असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. बिल्स त्याच पद्धतीने सलग चार सुपर बोलना पोचले. पण फसलेला वेग किती महाग पडतो, हे त्या सामन्यात दिसतं. हिशेब करून बघा. तीन पास खाली पडले तर दर वेळी घड्याळ थांबतं, आणि सामन्याच्या घड्याळातून अर्धा मिनिटही जात नाही. पाणी प्यायला गेलेला तुमचा डिफेन्स बाटली खाली ठेवायच्या आत परत मैदानावर.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: वेग कमवावा लागतो. ड्राइव्हची सुरुवात हडलशिवाय पण निवांत. पहिला फर्स्ट डाऊन मिळाला (10 यार्ड पुढे सरकून नवे प्रयत्न मिळाले) की वेग. पास खाली पडला, झेंडा पडला, मागे ढकलले गेलो, की लगेच पुन्हा निवांत. क्वार्टरबॅकने एका हाताच्या खुणेने गती सांगायची. डोक्यावर मूठ म्हणजे थांबा आणि साइडलाइनकडे बघा, बोट फिरवलं म्हणजे पळा.

नो-हडल म्हणजे धावपळ, हे समीकरणच मुळात चुकीचं आहे. 1988 साली सिनसिनाटी बेंगॉल्सचे कोच सॅम वायश आणि क्वार्टरबॅक बूमर एसायसन यांनी नो-हडल पूर्ण सामनाभर वापरून दाखवलं, तेव्हा त्यांचा मुख्य डाव समोरच्या डिफेन्सला माणसं बदलू न देण्याचा होता. रेषेवर लवकर यायचं आणि मग घाई करायची की थांबायचं हे आपण ठरवायचं. मॅनिंगच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजनी 2013च्या हंगामात 606 गुण केले, एनएफएलमधला विक्रम. त्यातही कितीतरी वेळा तो रेषेवर उभा राहून, हातवारे करत, प्ले क्लॉक (पुढच्या स्नॅपची मुदत मोजणारं घड्याळ) जवळजवळ संपवून मगच चेंडू घ्यायचा.

माणसं बदलली की वेग गेला

कॉलेज आणि एनएफएलच्या नियमांत ऑफेन्सने खेळाडू बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो, आणि तोवर पंच स्नॅप होऊ देत नाहीत. टेक्सासमधली हायस्कूलं कॉलेजच्याच नियमांनी खेळतात. आपल्या राज्यात कुठली नियमावली चालते ते हंगामाआधी वाचून घ्या. नियम कुठलाही असो, व्यवहार एकच: एक ताजा रिसीव्हर आत पाठवलात की समोरून तीन ताजे लाइनमन येतात.

बिल्सच्या के-गनमध्ये टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) कीथ मॅकेलर होता, त्याच्याच टोपणनावातलं ते 'के'. तो रिसीव्हरसारखा पळू शकायचा. रनिंग बॅक थर्मन थॉमस चेंडू घेऊन धावायचा आणि पासही झेलायचा. त्यामुळे तेच अकरा जण एका प्लेला दाटीने आणि पुढच्या प्लेला पसरून उभे राहू शकत. आपल्या संघात असा एक पोरगा शोधा. तो सगळ्यात वेगवान नसला तरी चालेल, त्याला दोन जागांची कामं पाठ हवीत. बदल करायचेच असतील तर घड्याळ थांबलेलं असताना करा.

सिग्नल चोरले जातात

दुसऱ्या अर्ध्यात सगळंच अडकायला लागलं, आणि समोरचे लाइनबॅकर (डिफेन्सच्या फळीमागचे खेळाडू) स्नॅपआधीच बरोबर बाजूला सरकताना दिसले, तर सिग्नल फुटले आहेत असं समजा. कॉलेज फुटबॉलमध्ये 2023 साली मिशिगन विद्यापीठाच्या संघाच्या सिग्नल-चोरीच्या प्रकरणाने केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. 2024पासून तिथल्या वरच्या विभागात एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकवणाऱ्या रेडिओला परवानगी मिळाली. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकला ती 1994पासून आहे. दोन्हीकडे प्ले क्लॉकवर 15 सेकंद उरले की आवाज बंद होतो.

आमच्या पोरांच्या हेल्मेटमध्ये असलं काही नाही. मनगटावरचा आकड्यांचा पट्टा आणि हातवारे, बस्स. दोन मुलं एकाच वेळी सिग्नल देतात, त्यातला खरा कोण हे प्रत्येक ड्राइव्हआधी ठरतं. पट्ट्यातलं कार्ड मध्यंतरात बदलतं. 'आर' आणि 'एल'ची शहरंही मध्यंतरानंतर उलटी होतात. कोच चिप केलींच्या काळात ओरेगन विद्यापीठाचा संघ साइडलाइनवर मोठमोठ्या चित्रांचे फलक धरायचा. आम्ही ते करून पाहिलं आणि सोडलं. जोराच्या वाऱ्यात फलक सांभाळायलाच दोन पोरं लागत होती.

समोरचा खेळाडू खाली पडतो

वेग पकडला की कधी कधी समोरचा एखादा खेळाडू पाय धरून बसतो, आणि तो खेळ थांबवायलाच बसलाय अशी शंका येते. कॉलेजने 2025पासून ह्यावर नियम केला: चेंडू पुढच्या प्लेसाठी ठेवल्यानंतर खेळाडूला तपासायला डॉक्टर-ट्रेनर मैदानात आले, तर त्या संघाचा टाइमआऊट जातो, आणि टाइमआऊट नसेल तर 5 यार्ड. शालेय पातळीवर मात्र माझं ठाम मत आहे. पंधरा-सोळा वर्षांचं पोर खाली बसलं की ते दुखावलंय असंच धरून चालायचं, आणि आपल्या बाजूने एकही शेरा जाता कामा नये. त्या थांब्यात आपल्या मुलांना पाणी द्या आणि पुढचे दोन प्ले तोंडी सांगून टाका. परत सुरुवात होताना यादीतल्या पहिल्या ड्राइव्हसारखी अवस्था आपल्याला फुकट मिळते.

आघाडी हातात असताना

हे सगळ्यात शेवटी जमतं, आणि आमच्याकडे अजून पूर्ण जमलेलं नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये आपण पुढे असलो की मुलं सवयीने लवकर स्नॅप घेतात. राष्ट्रीय हायस्कूल नियमावलीत 2019पासून प्ले संपताच सुरू होणारं 40 सेकंदांचं प्ले क्लॉक आहे. घड्याळ चालू असताना तीन वेळा धावून, दर वेळी शेवटच्या क्षणी स्नॅप घेतला, तर जवळपास दोन मिनिटं खाता येतात. हडलमध्ये परत जाण्याची गरज नाही. रेषेवर या, डिफेन्सला जागेवर खिळवा, आणि उभे राहा.

अडचण एवढीच की ज्युनिअर व्हर्सिटीच्या बऱ्याच मैदानांवर प्ले क्लॉकचा फलकच नसतो, आणि क्वार्टरबॅक मनात मोजायला लागला की घाबरून दुप्पट वेगाने मोजतो. फलक नसेल तिथे एक पंच 10 सेकंद उरले की हात वर करतो आणि शेवटचे 5 सेकंद हात हलवून मोजून दाखवतो. पाच पंच असतील तर हे काम डिफेन्सच्या मागे उभ्या असलेल्या बॅक जजचं. कमी असतील तर कोण मोजणार ते सामन्याआधी विचारून घ्या. क्वार्टरबॅकला त्या हाताकडे बघायला शिकवा. आम्ही सरावातल्या आमच्या खोट्या पंचालाही आता तसाच हात वर करायला लावतो, आणि तिसऱ्या हालचालीला चेंडू सुटला पाहिजे असं सांगितलंय.